नजर खुरावर

गावात पहिला ट्रॅक्टर आला, त्या सालची गोष्ट. शुभ्राबाई बगळी पिल्लांना म्हशीमागे चालत किडे टिपायला शिकवत. "नजर खुरावर!" हा त्यांचा पहिला धडा. पण आता पिल्लं ट्रॅक्टरमागे पळाली आणि बाईंचा वर्ग ओस पडला.

संध्याकाळी त्यांतलाच एक, पिंगू, उपाशीच परतला. "बाई, किडे ढीगभर निघतात, पण चोचीत एकही येत नाही. तुम्ही चला ना!"

"त्या धुडाची मला भीती वाटते रे."

"मी चालतो की तुमच्या पुढे!"

सकाळी बाई पिंगूमागून बिचकत निघाल्या. शेतात तो ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाकडेच टक लावून पाहत होता.

"अरे, नजर खुरावर..." बाई थबकल्या, मग स्वतःशीच हसल्या. "नाही रे, नांगराच्या फाळावर!"

माती उलटली. पिंगूने पहिला किडा टिपला आणि बाईंपुढे ठेवला.