हैबतीनं रंग पारखला

एका गावात हैबती नावाचा एक भोळा माणूस होता. गाव त्याला भोळाच म्हणायचं, कारण खरा शब्द वापरला की त्याच्या बायकोला, भागूला, राग यायचा. भागूच्या हातात कला होती. ती हळदीत, पळसाच्या फुलांत सूत रंगवायची आणि चिनीमातीचे मणी ओवून असे हार करायची की बघत राहावं.

यंदा पाटलांच्या लेकीचं लग्न निघालं. पाटलीणबाईंनी हळदीसाठी एक हार सांगितला.

"हा आवडला ना, तर सगळं वऱ्हाड आपल्या दारी येईल बघा," भागू म्हणाली. त्या एका हारात तिचा जीव अडकला होता.

तिनं हैबतीला मणी आणायला धाडलं. "पक्के हायेत का ते पारखून घ्या."

हैबती हात हलवत परत आला. "एकेक मणी दगडावर ठेवून हाणला. एकबी पक्का निघाला नाही."

भागूनं कपाळावर हात मारला. "अवो, नाजूक वस्तू कापसात गुंडाळून, छातीशी धरून आणायची!"

"बरं," हैबती म्हणाला.

मणी तिनंच आणले. मग हैबतीला ओढ्यावरून हळदीत रंगवलेलं ओलं सूत आणायला पाठवलं. त्यानं ते कापसात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि फार जपून आणलं. कापूस पिवळा झाला, सदरा पिवळा झाला. सूत तेवढं फिकं पडलं.

"अवो, रंग कच्चा हाय त्यो! बोट घासून बघायचं. बोटाला लागला, तर तुरटीच्या पाण्यात बुचकळायचं, पिळायचं, सावलीत वाळत घालायचं."

"हे आधी सांगायचं," हैबती म्हणाला.

भागूनं सूत पुन्हा रंगवलं, हार पुरा केला आणि तापानं अंथरूण धरलं. हार घेऊन हैबतीच निघाला. "रंग तेवढा बघून घ्या," ती कण्हत म्हणाली. "पाटलांच्या घरात कच्चा रंग नको."

हैबतीनं खिशात तुरटी टाकली.

दुपारी तो ओलाचिंब होऊन, धापा टाकत परत आला.

"हार?" भागूनं विचारलं.

"हार पक्का. पण नवरी साफ कच्ची! गालाला बोट लावलं, तर बोट पिवळं. घंगाळात तुरटी टाकली अन् बुचकळली तिला. पिळायला घेतली, तर मंडळी उठली."

भागूचा ताप जागीच उतरला. "आता हो कसं व्हायचं?"

"तू म्हणालीस तसंच झालं," दाराला कडी घालत हैबती म्हणाला. "सगळं वऱ्हाड आपल्या दारी येतंय. पळतच."