दामूचे लाडू आणि इंदूचा पाट

एका गावात एक भोळा भाऊ होता आणि त्याच्या घरात एक नियम होता. मोठ्यांनी सांगितलं की करायचं, ‘का’ विचारायचं नाही. हा नियम का, हेही विचारता यायचं नाही. नियमच तसा होता.

भावाचं नाव दामू. वय बावीस, मिशी झुपकेदार, आणि नियम त्याला अगदी मानवलेला. धाकटी बहीण इंदू मात्र तालुक्याच्या कॉलेजात जाऊन बिघडली होती. ती दिवसातून दहा वेळा ‘का’ म्हणायची. आई नव्हती. वडील होते, रावजी. पण घर चालवायची त्यांची थोरली बहीण, सगुणाआत्या. रावजी फक्त मान हलवायचे.

एकदा आत्यानं जाहीर केलं की बुधवारी बारा वाजता इंदूला बघायला पाहुणे येणार. त्याच बुधवारी तीन वाजता इंदूचा शेवटचा पेपर होता. तालुक्याला जायला एकच एस.टी. होती, ती एक वाजताची. ती चुकली की पेपर चुकला आणि पेपर चुकला की वर्ष गेलं.

इंदूनं हे सगळं नीट समजावून सांगितलं. आत्या म्हणाली, पेपर दरवर्षी येतो, असं स्थळ येत नाही. इंदूनं विचारलं, मग त्यांनी गुरुवारी यायला काय हरकत आहे? आत्यानं तिला नियम ऐकवला. रावजींनी मान हलवली. इंदू खोलीत गेली, आतून कडी लावली आणि पुस्तक उघडलं.

आता पंचाईत झाली ती फराळाची. मुलगी बघायला आलेल्यांपुढे मुलीच्या हातचाच फराळ ठेवायचा, अशी रीत. मुलगी तर कडीच्या आत. आत्याचं मनगट दुखत होतं. जीभ दुखत नव्हती. तिनं दामूला हाक मारली.

“हात दामूचे, नाव इंदूचं,” ती रावजींना म्हणाली. रावजींनी मान हलवली.

शुक्रवारी दामूनं चिवडा केला. पोहे भाजले, शेंगदाणे तळले, खमंग फोडणी दिली आणि कढईतला चिवडा तसाच डब्यात भरून झाकण घट्ट लावलं. सकाळी उघडून पाहिलं तर चिवड्याची ओली चिंधी झालेली.

आत्या म्हणाली, “अरे गाढवा, गरम वस्तू झाकून ठेवू नये. उघड्यावर ठेवावी, वारा लागू द्यावा.”

दामूनं ते मनात पक्कं केलं.

शनिवारी त्यानं बासुंदीसाठी पाच शेर दूध आटवलं. पातेलं गरम होतं, म्हणून त्यानं ते अंगणात उघड्यावर नेऊन ठेवलं. वारा लागला. वाऱ्याबरोबर शेजारच्या दोन मांजरीही लागल्या. बासुंदी गेली, मांजरी तिथेच झोपल्या.

आत्या म्हणाली, “गोड केलं की झाकायचं. वर चांगलं जड काहीतरी ठेवायचं.”

दामूनं तेही पक्कं केलं.

रविवारी त्यानं रव्याचे लाडू वळले. एकेक लाडू असा गोल की बघत राहावं. मग त्यानं ते परातीत रचले, वर ताट झाकलं आणि ताटावर पाटा ठेवला. पाट्यानं भागेना, म्हणून वर आपण बसला. आत्या येईपर्यंत बसून राहिला. लाडवांची एकच मोठी भाकरी झाली.

आत्यानं कपाळाला हात लावला. तोच दुखरा हात होता, म्हणून आणखी ओरडली. “केलेली वस्तू अशी दडपतात होय? सुटी सुटी मांडावी. एकीला दुसरी लागू देऊ नये.”

सोमवारी दामूनं पुन्हा चिवडा करायला घेतला. या वेळी त्यानं झाकण लावलं नाही, की वर बसला नाही. त्यानं रावजींची धोतरं घरभर अंथरली आणि त्यांवर चिवडा मांडला. पोहा पोहा सुटा. एकाला दुसरा लागू दिला नाही. पहाटे सुरुवात केली होती, तरी दुपार झाली. रावजी खाटेवर अडकून पडले. खाली पाय टेकायला जागा नव्हती आणि नेसायला धोतर नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली.

खोलीतून इंदूचं हसू ऐकू आलं. मग पुन्हा पान उलटल्याचा आवाज.

मंगळवारी आत्यानं ठरवलं की आता जवळ बसून शिकवायचं. चकल्या होत्या. दामू दर घटकेला विचारायचा, आत्या, उतरवू? आत्या माळ ओढत होती, ती बोलेपर्यंत पहिला घाणा कोळसा झाला.

“माझ्या तोंडाकडे बघू नकोस,” आत्या म्हणाली. “आवाज ऐक. तेलात घातली की चकली चुरचुर करते. चुरचुर थांबली की झालं. मग कोणाला विचारायचं नाही, कोणाची वाट बघायची नाही. झटकन उतरवायचं.”

दामूनं कान लावला. चुरचुर थांबली, त्यानं उतरवलं. चकली अशी खुसखुशीत की आत्यानं माळ बाजूला ठेवून चार खाल्ल्या. मग त्यानं लाडू नव्यानं वळले, तेही जमले. घरात पहिल्यांदाच दामूची तारीफ झाली. त्यानं ती तारीफही मनात पक्की केली.

संध्याकाळी आत्या इंदूच्या बंद दारापुढे उभी राहिली. दामू शेजारीच होता. आत्या दाराला म्हणाली, “नीट ऐकून घे. ज्या हातांनी लाडू वळले त्याच हातांनी ताट न्यायचं, अशी आपली रीत आहे. हिरवी साडी खुंटीवर आहे. डोक्यावरून पदर घ्यायचा, पाटावर बसायचं. मान वर करायची नाही. विचारतील तेवढंच बोलायचं.”

दार काही बोललं नाही. दामूनं मान डोलावली. त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. ज्या हातांनी लाडू वळले ते हेच.

बुधवारी बाराला पाहुणे आले. मुलगा, मुलाची आई आणि मुलाचा मामा. आत्यानं आत हाक मारली. हिरवी साडी नेसलेली, पदर हनुवटीपर्यंत ओढलेली एक धिप्पाड आकृती ताट घेऊन आली, पाटावर बसली. पाट कुरकुरला. आत्याला वाटलं, पोरगी आली एकदाची.

मुलाच्या आईनं लाडू चाखला. तिचे डोळेच मिटले. तिनं विचारलं, लाडू कोणी वळले? पदराआडून जाड आवाज आला, मी. मामा म्हणाले, सर्दी झालेली दिसते. मग त्यांनी चकली खाल्ली आणि सर्दीचं विसरले.

“पाक किती तारी केलास, बाळ?” मुलाच्या आईनं विचारलं.

“एकतारी. पुढे गेला की लाडू दगड होतो.”

“अगं बाई, गुणाची आहे,” मुलाची आई म्हणाली. मुलानं काहीच विचारलं नाही. तो पाचव्या लाडवावर होता.

“आता मान वर कर. तोंड बघू दे,” मुलाची आई म्हणाली.

“आत्यानं नको सांगितलंय.”

मुलाच्या आईला ही लाज फारच आवडली. तिनं पुढे होऊन स्वतःच पदर उचलला. आत झुपकेदार मिशी होती. मिशीला रवा लागलेला होता.

मग एकच कल्लोळ झाला. मामा फसवणूक म्हणाले. आत्या दामूला मेल्या म्हणाली. दामू शांतपणे म्हणाला, लाडू मी वळले, आत्या. मुलाच्या आईनं विचारलं, मग मुलीनं काय केलं? रावजींना मान कुठल्या बाजूला हलवावी ते कळेना.

तेवढ्यात खोलीची कडी वाजली. इंदू बाहेर आली. खांद्याला पिशवी, हातात हॉलतिकीट.

“मुलीनं अभ्यास केला,” ती म्हणाली.

“इंदे, पाटावर बस,” आत्या म्हणाली.

“नाही बसणार. लाडू हवे असतील तर दामूदादाला मागणी घाला, त्याला सगळं येतं. आणि मी हवी असेन तर आधी मला विचारा. मी नाही म्हणेन. का, ते मात्र तुम्ही विचारायचं नाही. घराचा नियमच आहे.”

ती चप्पल घालून चालू लागली. लांबून एस.टी.चा हॉर्न ऐकू आला.

आत्याचं तोंड उघडं राहिलं, पण त्यातून काही आलं नाही. रावजींची मान थांबली. मामा गप्प, मुलाची आई गप्प.

दामूनं कान लावला. चुरचुर थांबली होती.

तो उठला. कोणाला विचारलं नाही, कोणाची वाट बघितली नाही. झटकन पाहुण्यांच्या हातांतल्या बशा काढून घेतल्या, मुलाच्या तोंडातला अर्धा लाडूही काढला आणि ताटात ठेवला.

“झालं,” तो म्हणाला, आणि ताट घेऊन आत गेला.