न दिलेला खो

“मास्तर, दोष तुमचा होता. हो की नाही, तेवढंच सांगा.”

रणपिसे मास्तर खो-खोच्या मैदानावर रेघ मारत होते. भोकं पाडलेल्या पत्र्याच्या डब्यातून चुना पडत होता. ते थांबले नाहीत.

तुषार कोळेकर त्यांच्या मागोमाग चालत होता. ताजी रेघ मोडू नये म्हणून पाय बाजूला टाकत. ही सवयही त्याला मास्तरांनीच लावलेली.

दोष मास्तरांचाच होता. उगाच आढेवेढे कशाला घ्यायचे? गावात ज्याच्या गळ्यात शिट्टी पडते तो मोठा माणूस होतो, आणि शिट्टीवाल्याला फाउल देणारा अजून जन्मायचाय. पोरगं जिंकलं की पेपरात खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून यांचं नाव. पोरगं हरलं की पोरगं हरलं.

तुषार सातवीत होता तेव्हा याच मास्तरांनी त्याला खांबाजवळ बोलावून कानात सांगितलं होतं, “खो दिलास की नाव दुसऱ्याचं होतं. देवानं तुला पाय दिलेत ना? मग वाटत कशाला बसतोस?”

पोरानं ऐकलं. मोठ्यांचं ऐकावं म्हणतात.

ऐकून ऐकून तो तालुक्यात गाजला. डाव तोच सुरू करायचा, तोच संपवायचा. खांबावर झेप टाकून पळणाऱ्याला असा टिपायचा की बघणाऱ्यांच्या हातातले शेंगदाणे हातातच राहायचे. बाकीचे आठ जण आपापल्या चौकोनात उकिडवे बसून असायचे. पाठीवर हात पडून ‘खो’ ऐकू आल्याशिवाय बसलेल्याला उठता येत नाही, आणि तुषार खो देत नसे.

मग गेल्या महिन्यातला अंतिम सामना. बरोबरीसाठी एकच गुण हवा होता, समोर एकच पळणारा उरला होता. तो पळणारा चौकोनात बसलेल्या गफूर मुलाणीच्या नाकासमोरून गेला. गफूर नेमका त्याच बाजूला तोंड करून बसलेला. पाठीवर हात पडला असता तर दोन ढांगांत त्यानं धरला असता. तुषार त्याच्या मागून तसाच पुढे गेला, लांबच्या खांबाला वळसा घालायला.

वळसा पुरा व्हायच्या आत वेळ संपली.

भांडलं कोणी नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सगळी एकाच कॉलेजातली पोरं; त्यांनी फक्त बाकावर त्याच्या शेजारी बसणं सोडलं. तो कँटीनमध्ये गेला की यांचा चहा संपलेला असायचा. एकदा त्यानंच धीर करून विचारलं, “संध्याकाळी येता का खेळायला?”

गफूर पेला खाली ठेवत म्हणाला, “आम्हाला कशाला विचारतोस? तू एकटा पुरतोस की.”

त्यात राग नव्हता. तेच वाईट होतं.

तुषारनं कॉलेज सोडलं. घरी सांगितलं, शिकण्यात मन लागत नाही.

…

“मी काय विचारलं, मास्तर?”

“ऐकलं.”

“मग?”

मास्तरांनी डबा झटकला. “कॉलेज सोडलंस म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“तुझा बाप. इथं उभा राहून मला शिव्या देऊन गेला.”

“बरोबर दिल्या.”

“बऱ्याचशा बरोबर होत्या,” मास्तर म्हणाले. “एक-दोन मात्र माझ्या आईवर होत्या. ती बिचारी कधी खेळली नाही.”

तुषारला हसू आलं नाही. तो हसायला आला नव्हता.

“रविवारी जिल्ह्याचा संघ निवडणार आहेत,” तो म्हणाला. “तुम्ही पोरांसमोर एवढंच बोलायचं. मी तसं शिकवलं, म्हणून तो तसा खेळला. बास. मग निवडीच्या सामन्यात ती मला त्यांच्यात घेतील.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर मी कोणात खेळू?”

मास्तर वाकून रेघेच्या टोकाकडे डोळा लावून बघत राहिले, वाकडी गेली का म्हणून. पोराचं आयुष्य वाकडं जाताना एवढं बघितलं असतं, तर ही वेळ आली नसती.

“पोरं कुठायत?” तुषारनं विचारलं.

“यायचीत अजून.”

“येईपर्यंत मला शिकवा.”

“काय?”

“खो द्यायला.”

“त्यात काय शिकवायचं? पाठीवर हात लावायचा, तोंडानं बोलायचं. बालवाडीतलं पोरगंही देतं.”

“मग मला का येत नाही?”

आता कुठं मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

…

“बस,” ते म्हणाले.

“कुठं?”

“गफूरच्या जागी.”

तुषार बसला. पाण्याच्या टाकीकडे तोंड, मावळतीकडे पाठ. बोटं जमिनीला टेकलेली, टाचा उचललेल्या. थोड्याच वेळात मांड्या भरून आल्या. त्याला या बसण्याची सवय नव्हती. खो देणाऱ्याला उठलेल्याच्या जागी बसावं लागतं, असा खेळाचा नियम आहे. यानं कधी दिलाच नाही, तर बसणार कशाला?

“मागं बघायचं नाही,” मास्तर म्हणाले.

“माहीत आहे.”

“माहीत असणं वेगळं.”

मागून पावलं सुरू झाली.

एक पाऊल घट्ट पडायचं, दुसरं फरफटत यायचं. मास्तरांचा गुडघा तुषारच्या जन्माआधीपासून कामातून गेलेला होता. पावलं जवळ आली. तुषारची पाठ आपोआप ताठ झाली, टाचा आणखी वर उचलल्या गेल्या.

पावलं मागून निघून गेली.

मग खांबाला वळसा घालून मास्तर त्याच्यासमोरून पळत गेले. पळत म्हणायचं आपलं. पोट पुढे, गुडघ्याला पट्टा, शिट्टी छातीवर आपटतेय. पुढे कोणी पळत नव्हतं. रिकाम्या मैदानावर सत्तरीकडे झुकलेला माणूस कोणाच्याच मागे धावत होता.

पहिल्यांदा तुषारला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मास्तर लांबच्या खांबापाशी दिसेनासे झाले. पुन्हा मागून पावलं. पुन्हा पाठ ताठ.

पुन्हा निघून गेली.

“मास्तर, हे काय चाललंय?”

समोरून जाताना त्यांनी मान वळवली नाही. तोंड उघडं, नजर पुढच्या खांबावर. तुषारनं ती नजर ओळखली. पेपरात आलेल्या त्याच्याच फोटोत ती होती. आईनं तो फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवला होता.

बसलेल्याला अर्धंच मैदान दिसतं. उरलेलं अर्धं त्यानं कानांनी बघायचं. तुषार कानांनी बघत होता. घट्ट पाऊल, फरफटलेलं पाऊल, श्वासाची शिट्टी, मध्येच ठेच. प्रत्येक वेळी वाटायचं, आता पडेल हात. प्रत्येक वेळी पाठीवरची कातडी तयार व्हायची. प्रत्येक वेळी नुसता वारा लागायचा.

“पुरे झालं,” तो म्हणाला. “दम लागलाय तुम्हाला.”

…

“मास्तर, मला द्या. मी पळतो.”

…

“द्या ना.”

हा आवाज त्याला स्वतःचा वाटला नाही. कोणीतरी बरीच वर्षं बसून राहिलेलं बोललं, असा वाटला.

गफूरनं कधी असं म्हटलं होतं का? तुषारला आठवेना. म्हटलं असेल, तरी ऐकायला तो थांबला नसणार. गफूर चौकोनात बसल्या बसल्या जमिनीवर बोटानं काहीतरी काढत असायचा. पोरं त्याला चिडवायची, “चित्रकार, उठ की.” तो म्हणायचा, “उठवा की मग.” सगळे हसायचे. तुषारही हसला होता.

पावलं आली आणि ऐन त्याच्या मागे थांबली.

डोक्यावर धाप ऐकू येत होती. उन्हं कलली होती, मास्तरांची सावली त्याच्या अंगावरून पुढे पसरून टाकीपर्यंत गेली होती. त्या सावलीत तुषारला हात दिसला. हात वर आला. त्याच्या पाठीच्या सावलीवर येऊन थांबला.

तुषारनं श्वास धरला.

हात तसाच राहिला…

मग खाली गेला. पावलं पुढे निघाली. खांबापर्यंत कशीबशी पोचली.

“का नाही दिला?”

मास्तर खांबाला धरून उभे होते.

“दिला असता, तर मला बसावं लागलं असतं.”

“मग बसायचं.”

“मला बसता येत असतं,” मास्तर म्हणाले, “तर तुला शिकवलं असतं.”

ही कबुली होती की पळवाट, देव जाणे. मोठी माणसं चूक मानतात तेव्हाही अशी मानतात की समोरच्यानंच ती कोपऱ्यातून शोधून काढावी, झटकावी आणि घरी घेऊन जावी. सरळ ‘चुकलो’ म्हणायला यांची जीभ टाळ्याला चिकटते.

तुषारला ओरडायचं होतं. एवढ्या वर्षांचं सगळं साठलेलं. पण मांड्यांत गोळे आले होते, आणि माणूस उकिडवा बसून ओरडला तर ते रडण्यासारखं दिसतं.

“हेच बोला मग,” तो म्हणाला. “पोरं आली की हेच बोला त्यांच्यासमोर. मला एवढंही पुरेल.”

मास्तर खांबाला पाठ लावून हळूहळू खाली सरकले. जमिनीवर टेकले, एक पाय लांब करून.

“ऐकलंत का?”

“हूं.”

“कधी येतात? उन्हं गेली की.”

“येत नाहीत.”

“आज?”

“सामना हरलो त्याच आठवड्यात गेली. कॉलेजच्या मैदानावर खेळतात आता. गफूर शिकवतो त्यांना.” मास्तरांनी गुडघ्याचा पट्टा सोडला. “बरं शिकवतो. मी कुंपणाबाहेरून बघून आलो एकदा. सारखे उठबस करतात. कोण पळतंय ते कळतच नाही.”

“आत का नाही गेलात?”

“कोणी बोलावलं नाही.”

तुषारनं मैदानाकडे बघितलं. त्याला दिसत होतं तेवढ्या अर्ध्याकडे. रेघा ताज्या होत्या, सरळ होत्या, सगळे आठ चौकोन आखलेले होते. त्याचा सोडला तर कुठल्याच चौकोनात पायाचा ठसा नव्हता.

“मघाशी म्हणालात, यायचीत अजून.”

“रोज म्हणतो.”

“कोणाला?”

मास्तरांनी खांद्यावरच्या टॉवेलनं तोंड पुसलं. नुसतं पुसतच राहिले.

…

खांबांच्या सावल्या मैदानावरच्या अंधारात मिसळून गेल्या. आता कोणाचीच वेगळी दिसत नव्हती. तुषारला उठायचं होतं. उठला असता तरी कोण विचारणार होतं? पण तो उठला नाही. खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे त्याला याच माणसानं शिकवलं होतं आणि आजपर्यंत ते त्याला कधी पाळावं लागलं नव्हतं.

“मास्तर.”

“बोल.”

“मग रविवारी मी कोणात खेळू?”

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून मातीत ठेवली.

“खेळायला नऊ लागतात,” ते म्हणाले. “इथं आपण दोघं आहोत.”