उरकुड्याचा खांब

या पहाडीच्या पोटात सोनं आहे, हे ऐकूनच तुम्ही एवढं ऊन तुडवत आलात, ठाऊक आहे मला. पाहा खुशाल. पण भुयाराच्या तोंडाशी ही निळसर दगडांची रास आहे ना, तिच्यातला खडासुद्धा खिशात घालू नका. गावात पाणी विचारणार नाही कोणी.

पूर्वी आमचेच लोक इथे खणायचे, असं सांगतात. पुरुष आत सोन्याचा पांढरा दगड फोडायचे, बाया बाहेर तो कुटून पाण्यात धुवायच्या. आत मधोमध निळ्या दगडाचा एक खांब राखलेला होता. सारं छत त्याच्यावर, आणि सोनंही सगळ्यांत जास्त त्याच्यातच. त्याला हात लावायचा नाही, एवढा नेम होता.

उरकुडा या खाणकऱ्यांचा म्होरक्या. त्याच्या लेकीचं, फुलवंताचं लग्न त्याच्याच हाताखालच्या इस्तारीशी ठरलं. त्या साली पांढऱ्या दगडात काही लागेना. लेकीला सोन्याच्या डोरल्याशिवाय मांडवात उभं कसं करायचं? बापाचा जीव तो. गुपचूप खांबाच्या कपच्या काढू लागला. धुताना फुलवंताने निळा रंग ओळखला, पण बोलली नाही. तिलाही डोरलं हवं होतं. मला या पोरीचा रागही येतो आणि कीवही.

डोरलं घडलं, आणि लग्नाच्या तोंडावर खांब तडकला. उरकुड्याने म्हणे आपली पाठ छताला लावली आणि माणसांना बाहेर पिटाळलं. इस्तारी शेवटी निघाला.

"निंगाले का सारे?" आतून आवाज आला.

"निंगाले, बाबा. तुमी बी या ना!" फुलवंता भुयाराच्या तोंडाशी येऊन ओरडली.

"मी हाललो का पहाड हालते, माय."

मग फुलवंता दगड आत नेऊ लागली, बापाच्या पाठीशी नवा खांब रचायला. "बाबा, आता टेका," एवढंच म्हणत राहिली. रास त्याच्या कमरेला लागली होती. ती पुढचा दगड आणायला बाहेर आली आणि छत बसलं. डोरलं तिने त्याच ढिगाऱ्यात टाकलं.

आजही आमच्या गावची नवरी सोनं घालत नाही, काळ्या पोतीवर लग्न लागतं. आधी ती ओढ्यातला निळा दगड आणून इथे ठेवते आणि म्हणते, "बाबा, आता टेका." रास वरच्या कपारीला लागली की उरकुडा सुटेल, असं सांगतात. पण दर पावसाळ्यात ती खचते. तो वरचा दगड माझ्या नातीचा. कपार अजून हातभर वर आहे, आणि म्हातारा अजून उभाच आहे.