कोंसूबाय आणि खारट झालेली विहीर

फार वर्षांपूर्वी, खाडीवर पूल नव्हता आणि धारबेटावर जायला होडीशिवाय वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सरकून जवळ बसा, कारण ही गोष्ट मला मोठ्याने सांगता येत नाही.

धारबेट हे खाडीच्या तोंडावरचं बेट. साठ घरं, सगळी ख्रिस्ती. धक्क्यावर दगडी क्रूस, मधोमध चुन्याने रंगवलेलं पांढरं देऊळ आणि देवळामागे गावाची एकुलती एक विहीर. चारी बाजूंनी खारं पाणी, पण विहिरीचं पाणी शहाळ्यासारखं गोड. पलीकडच्या काठावरून माणसांची ने-आण एक बाई करायची. ती कोंसूबाय. नवरा वारला तेव्हा लोक म्हणाले, होडी विकून टाक. तिने वल्हं हातात घेतलं. चार पुरुषांना न हलणारी होडी ती एकटी वाळूवर ओढून घ्यायची, असं म्हणतात.

एका साली बेटावर पटकी आली. सकाळी अंगणात बोलत बसलेलं माणूस संध्याकाळी मातीत जायचं. घंटा वाजवणाऱ्याचे हात सुजले. गावचा पुढारी होता फरसू पाटील. त्याची लेक रोझू डोळे पांढरे करून पडली, तेव्हा त्याने तिला उचलून धक्क्यावर क्रूसापाशी आणून ठेवलं. मागोमाग सगळं गाव आलं. पाटील गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "देवबापा, हे दुखणं उचल. आम्ही शपथ घेतो. या धक्क्याला लागलेल्या माणसाला आम्ही कधी माघारी लावणार नाही. मग तो कुणी का असेना."

सगळं गाव म्हणालं, "आमेन." कोंसूबायही म्हणाली.

आणि रोझूने डोळे उघडले. पेज मागितली. तीन दिवसांत बेटावरची पटकी गेली.

काही वर्षं लोकांनी शपथ पाळली. धक्क्यावर कुणी उतरलं की त्याला घरी नेण्यासाठी दोन घरांत भांडण व्हायचं. मग नारळी वाढल्या, जाळी भरून येऊ लागली, घरांवर कौलं चढली. हळूहळू लोक धक्क्याकडे पाठ करून बसायला शिकले. देवळात जात होते, गात होते, पण शपथेचं नाव कुणी काढत नव्हतं.

आणि एका दुपारी एक गळकं गलबत वाहत वाहत धक्क्याला लागलं.

त्यात एकतीस माणसं होती. घाटावर दुष्काळ पडला होता, तिथून चालत चालत ती समुद्रापर्यंत आली होती. वल्ही मोडली होती. दोघातिघांना ताप होता. पुढे एक म्हातारी बसली होती, गिरजा तिचं नाव, आणि तिच्या मांडीवर तान्हं मूल.

पाटील धावत आला. "ताप आहे यांना. पुन्हा पटकी आणताय का बेटावर?" मग तो कोंसूबायकडे वळला. "कोंसू, दोर टाक, गलबत ओढून ने आणि यांना दांड्यावर सोडून ये. येणारंजाणारं गलबत उचलेल त्यांना."

दांडा म्हणजे समुद्रातला वाळूचा लांबट उंचवटा. रोजच्या भरतीत तो उघडा राहतो, पण पुनवेचं उधाण आलं की बुडतो. पुनव तीन दिवसांवर होती.

कोंसूबाय म्हणाली, "पाटील, आपण क्रूसापाशी शपथ घेतली होती."

"ती पटकीसाठी होती. पटकी गेली."

कोंसूबायने गावाकडे पाहिलं. कुणी वर बघेना. आणि तिने दोर टाकला. हो, तिनेच टाकला. धारबेटाची माणसं हे लपवत नाहीत, मीही लपवणार नाही.

वाटेत गिरजा म्हातारी एवढंच म्हणाली, "बाई, पोराला घोटभर पाणी देता का?"

कोंसूबायच्या होडीत पाणी नव्हतं. ती म्हणाली, "घेऊन येते." त्यांना दांड्यावर उतरवून ती परत आली, तर तिने पुन्हा तिकडे जाऊ नये म्हणून पाटलाने तिची होडी काठावर साखळीने बांधून टाकली.

घसा कोरडा पडला होता. ती विहिरीवर गेली, पोहरा ओढला, तोंडाला लावला आणि थुंकली. पाणी खारट होतं. समुद्रासारखं.

तिने कुणाला बोलावलं नाही. ती तिथेच विहिरीच्या काठावर बसली, कारण तिला लगेच समजलं होतं.

गावाला समजायला दोन दिवस लागले. काय काय झालं म्हणून सांगू! शहाळी फोडली तर आत खारं पाणी. गाईचं दूध खारट. पोरांच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं नेहमीसारखं होतं. पलीकडच्या गावातून हंडे भरून आणले. तिथे गोड लागलेलं पाणी खाडीच्या मध्यावर आलं की खारट व्हायचं, असं म्हणतात. तिसऱ्या सकाळी माणसांच्या जिभा टाळूला चिकटल्या. रोझू पुन्हा अंथरुणाला खिळली.

पाटील देवळासमोर उभा राहून म्हणाला, "मोठा नवस बोलू. शंभर मेणबत्त्या लावू."

कोंसूबाय गर्दीतून पुढे आली. "देवाला मेणबत्त्या नकोत, पाटील. त्याची माणसं दांड्यावर आहेत आणि आज पुनव आहे. साखळी सोडा."

पाटलाने खिशातून किल्ली काढली. त्याने स्वतः साखळी सोडली.

ती निघाली. ओहोटी संपत आली होती. तिला वाटलं होतं, दांड्यावर प्रेतंच असतील. पण लांबूनच तिला तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. एकतीसच्या एकतीस माणसं जिवंत होती! वाळूत हातभर खड्डा होता, चहूकडे समुद्र, आणि त्या खड्ड्यात गोडं पाणी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं.

कोंसूबाय गिरजा म्हातारीपुढे गुडघ्यांवर बसली. "आजी, मी घेऊन येते म्हणाले होते. मी आले नाही."

म्हातारीने तिच्या फुटलेल्या ओठांकडे पाहिलं. ओंजळ भरली आणि तिच्या तोंडाला लावली. "आधी पी. मग बोल."

कोंसूबाय प्याली. मग उठून उभी राहिली आणि डोक्याचा रुमाल सोडून गावाकडे हलवू लागली. बेटावरून एक होडी सुटली, दुसरी सुटली, मग सगळ्याच सुटल्या. पहिल्या होडीत पाटील होता. त्याने घाईने हंडा भरला. हंड्यात पडताच ते पाणी खारट झालं. दुसऱ्याने भरलं, तेही खारट. गिरजा म्हातारीने आपल्या हाताने पाणी दिलं तेव्हाच ते गोड राहिलं. तिने पाटलापुढे ओंजळ धरली.

पाटील पिईना. "मी तुम्हाला इथे मरायला पाठवलं. मला का देतेस?"

"तहानलेला आहेस म्हणून."

एवढा मोठा माणूस वाळूत बसला आणि रडला. मग डोळे पुसून त्याने तापाने फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला पाठीवर घेतलं आणि ओरडला, "होड्या भरा. पाणी चढतंय."

आणि पाणी खरंच चढत होतं. पुनवेचं उधाण घोड्यासारखं येतं. होड्या भरल्या, गेल्या, पुन्हा आल्या. शेवटी दांड्यावर सात माणसं राहिली आणि कोंसूबाय. एक होडी परत यायची होती, आणि वाळू कोयत्याच्या पात्याएवढीच उरली होती.

कोंसूबाय पाण्याच्या बाजूला तोंड करून उभी राहिली, हात पसरून. ती म्हणाली, "देवबापा, तू केलास तो न्याय बरोबर आहे. मी दोर टाकला, मला ने. पण यांनी काय केलंय?"

पाणी तिच्या घोट्याला आलं, गुडघ्याला आलं आणि थांबलं. पलीकडे लाटा पुरुषभर उंच उठत होत्या, अलीकडे त्या सात जणांच्या पायांखालची वाळू कोरडी होती, असं म्हणतात. होडी आली. सातही चढले. शेवटी कोंसूबाय चढली, आणि तिचा पाय वाळूवरून उचलला जाताच दांडा बुडाला.

त्या संध्याकाळी एकतीस माणसं साठ घरांत वाटली गेली. रोझूला गिरजा म्हातारीने दांड्यावरून स्वतः भरून आणलेलं पाणी हाताने पाजलं आणि ती उठून बसली. तापाने पुढे दोघे दगावले. त्यांना गावाने आपल्या माणसांशेजारी पुरलं आणि घाटावरच्या रीतीने त्यांच्यासाठी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी लोक मोठ्या आशेने विहिरीवर गेले. पाणी खारटच होतं. पाटील हबकला. "म्हणजे देवाने माफ केलं नाही?"

कोंसूबाय म्हणाली, "माफ केलं नसतं तर आपण उधाणातून परत आलो नसतो. पण आपण जे केलं ते केलंच. ते त्याने पुसलं नाही."

मग घाटावरची माणसं पुढे आली. विहिरी खणणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. त्यांनी धक्क्याजवळ जागा पाहिली, कुदळी मागितल्या, आणि बाराव्या हातावर गोडं पाणी लागलं. ज्यांना पाणी दिलं नव्हतं, त्यांनीच गावाला पाणी दिलं.

कोंसूबाय खूप म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत होडीत पाण्याची कळशी भरलेली ठेवायची.

धारबेटावर आता पूल आहे, पण जुनी खारट विहीर कुणी बुजवत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पुनवेला सगळं गाव तिथे जमतं. लहान-थोर प्रत्येक जण तिचा एक घोट घेतो आणि तोंड वाकडं न करता गिळतो. मग सगळे धक्क्याजवळच्या गोड्या विहिरीवर येऊन थांबतात. बाहेरचं पहिलं माणूस येऊन प्यायल्याशिवाय गावातलं कुणी त्या दिवशी पाणी पीत नाही.

गेल्या साली दुपार टळली तरी कुणी येईना. शेवटी पंखे दुरुस्त करणारा एक माणूस सायकलवरून पुलावर दिसला. एवढी माणसं आपल्याकडे टक लावून बघताहेत म्हटल्यावर तो घाबरून माघारी वळू लागला. तेव्हा पाटलाच्या घरातली एक म्हातारी हातात तांब्या घेऊन पळत गेली, त्याची सायकल धरली आणि म्हणाली, "जाऊ नको, बाबा. आधी तू पी. तू प्यायलास की आम्ही पिऊ."