बुधाजीने माळाची माती आणली

एका डोंगरपायथ्याच्या गावात बुधाजी नावाचा एक भोळा शेतकरी राहायचा. सांगाल ते तंतोतंत करायचा. घोळ तिथंच व्हायचा.

त्याचे जमिनीचे तुकडे दोन. एक ओढ्याकाठी, एक माळावर. कुठं काय पेरावं ते त्याला कळेना. बायको अनसूया म्हणाली, "माझ्या बाबांना माती दाखवा. ते सांगतील."

बुधाजी ओढ्याकाठची मूठभर माती घेऊन शेजारच्या गावी सासऱ्याकडे गेला.

सासरा म्हणाला, "जावईबापू, एका जागची नको. चारी कोपऱ्यांतली चिमूट चिमूट घ्या, कालवा, फडक्यात बांधून आणा."

बुधाजीने तशी आणली. सासऱ्याने ती ओली करून वळली. घट्ट गोळा झाला.

"ही काळी. पाणी धरते. तूर पेरा. आता माळावरची आणा."

बुधाजी खूश होऊन घरी आला. अनसूया म्हणाली, "खळ्यावर ज्वारी उघडी पडलीय. घेऊन या."

बुधाजीने चारी कोपऱ्यांतली चिमूट चिमूट घेतली, कालवली, फडक्यात बांधून आणली. तोवर शेजाऱ्याच्या शेळ्यांनी खळं साफ केलं.

"अहो, सगळी आणायची! झाडून!"

"बरं," बुधाजी म्हणाला.

संध्याकाळी अनसूयाने त्याला शेजारच्या गोदाकाकूंकडे विरजण आणायला धाडलं. बुधाजीने काकूंचं दही आणलं, दूध आणलं, ताक आणलं, शिंकंही काढून आणलं. मागोमाग काकू लाटणं घेऊन आल्या.

अनसूयाने कपाळावर हात मारला. "अहो, दुसऱ्याचं असेल तर थोडं आणावं. आपलं असेल तर सगळं!"

"असं होय! आधी सांगायचं ना."

आता बुधाजीला पक्कं समजलं. मग तो रोज पहाटे गाडी जुंपून माळावर जाऊ लागला. अनसूयाला वाटलं, नवऱ्याला कामाची गोडी लागली.

एके सकाळी सासरा उठला, तर दार उघडेना. त्याने खिडकीतून डोकं काढलं. अंगणभर माती. थेट खिडकीपर्यंत.

"जावईबापू, हे काय?"

"माळाची माती, मामा. आपलीच, म्हणून सगळी आणली. रोज खणून ढीग घातला, काल रात्रभर खेपा केल्या. एक ढेकूळ मागे ठेवलं नाही. खाली नुसता खडक राहिलाय."

सवयीने सासऱ्याने हात लांबवून मूठभर माती उचलली, थुंकी लावून वळली. गोळा सुटून गेला.

"मुरमाड," तो पुटपुटला. "हुलगे पेरावेत इथं..."

बुधाजीने मान डोलावली. बैल गाडीचे सोडले, सासऱ्याच्या पेरणीच्या पाभरीला जुंपले, ओटीत हुलगे घेतले.

"मामा," तो म्हणाला, "डोकं जरा आत घ्या. पाभरीचा तास सरळ यायला हवा."