धुंडिराजशास्त्र्यांनी कापलेली शेपूट

चूक धुंडिराजशास्त्र्यांची होती. पोरांनो, आधीच सांगून ठेवते, नाहीतर शेवटी तुम्ही भोवऱ्याला नावं ठेवाल.

तर आकाशात एक राज्य होतं. ताऱ्यांच्या ऐन दाटीत, मधोमध, एक काळा भोवरा होता. उजेडसुद्धा गिळायचा, बरं का. होड्या त्यात पडायच्या. मग राजा म्हणाला, "तिथं दिवा लावा. पण नांगर टाकायचा कुठं?" भोवरा स्थिर असेल तर होडी काठाजवळ थांबेल. गरगरत असेल तर आसपासची जागासुद्धा ओढून नेईल.

शास्त्री राजज्योतिषी. म्हणाले, "स्थिर आहे. आमचे गुरुजी सांगून गेलेत."

गुरुजींनी बघितला होता? छे!

शास्त्र्यांची नात यमू. दवाखान्यात हाडांचा फोटो काढतात ना, तो क्ष-किरणांचा उजेड दिसेल असा डोळा तिनं बनवला. तो उजेड हवेतून खाली पोचत नाही. म्हणून डोळा पार हवेच्या वर सोडला. भोवऱ्याभोवती तापलेलं लोखंड फिरत होतं. डोळा बघेल तो उजेड कागदावर रेघेसारखा उमटायचा. लोखंडाच्या उजेडाची रेघ एरवी बारीक, सरळ. इथं तिला ही लांब शेपूट!

"आबा, लोखंड पार काठापर्यंत गेलंय, म्हणून रेघ ताणली. स्थिर भोवऱ्याच्या इतक्या जवळ नांगराशिवाय काही टिकत नाही, आत पडतं. म्हणजे भोवरा गरगरतोय!"

"काचेवरची घाण आहे ती."

दरबाराची रीतच तशी. रेघ राजाकडे जाण्याआधी शास्त्र्यांनी 'नीट' करायची. त्यांनी कात्रीनं शेपूट कापली. यमूनं दुसरी रेघ आणली. तीही कापली. तिसऱ्यांदा म्हणाले, "मोठ्यांना शिकवतेस?" आणि कापली.

निमू, पांघरुणात लाथा नको मारूस.

मग राजानं सरळ रेघ बघितली आणि दिवा घेऊन होडी सोडायला सांगितली.

"मग मीच जाते," यमू म्हणाली. "दुसऱ्या कुणाला मारू नका."

तिनं नांगर टाकला. होडी घसरली. पुन्हा टाकला. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा दोरच तुटला. मग यमूनं झगडणं सोडलं. भोवरा फिरतो त्याच दिशेला होडी वळवली, दिवा मागं सोडून दिला, आणि भोवऱ्यानं तिला गोफणीतल्या दगडासारखं बाहेर भिरकावलं!

दिवा अजून गरगरतोय. तो बघून होड्या लांबूनच वळतात. कुणी बुडत नाही. यमू घरी आली ती तेवढीच तरुण. भोवऱ्याजवळ वेळ हळू चालतो ना. इकडं कितीतरी वर्षं उलटलेली, राजाही नवा. त्यानं शेपटीची रेघ दरबारात टांगली, कात्री फेकून दिली. सगळे सुखात राहिले. चला, चुळबुळ बंद, डोळे मिटा.

शास्त्री? ते धक्क्यावर वाट बघत बसले आणि तिथंच गेले. नात त्यांना पुन्हा दिसली नाही.